लुमिंगचं काळं

तेमोयला दारात बघितलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो उकळत्या टाकीचा. पत्र्यावर काळं चढवायच्या पाण्याला नुकती उकळी फुटली होती, लांब दांड्याची झारी हाताशी होती, आणि हा बाबा माझ्या उंबऱ्यावर उभा राहून दात दाखवत होता. मी झारी खाली ठेवली. मी फार भली बाई आहे म्हणून ठेवली असं कुणी समजू नका. टाकीत कारखान्याची, पिस्तुलात गोळ्या भरायची मॅगझिनं होती, ती वाया गेली असती.

"काय लुमिंग, ओळखलंस का?" तो म्हणाला.

"तुम्हाला कोण ओळखत नाही, नोंग तेमोय? मासळीबाजारापासून चर्चपर्यंत तुमचंच तोंड लटकलंय."

त्याला ते कौतुक वाटलं, वर मी नोंग, म्हणजे दादा, म्हटलेलं. फिएस्ताच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी त्याच्या नव्या नेमबाजीच्या मैदानाचं उद्घाटन होतं आणि गावभर त्याचे फलक लागले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिस्तूल, खाली 'दानाओचा नेमबाज'. पोट तेवढं फोटोवाल्यानं कापलं होतं.

त्यानं काखेतला बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर उपडा केला. सहा-सात पिस्तुलाची मॅगझिनं खळखळत बाहेर पडली. त्यांची दशा काय सांगू. स्पर्धेत पळता पळता मॅगझिन रिकामं झालं की ते खडीवर टाकायचं आणि कमरेचं दुसरं ओढायचं, हा यांचा खेळ. त्यामुळे कोपरे ठेचलेले, काळं उडून पांढरा पत्रा उघडा पडलेला, आणि समुद्राच्या हवेनं त्या उघड्या जागी गंज धरलेला. पत्र्याला जीव असता तर त्यानं या माणसाला शिव्या घातल्या असत्या.

"सगळी नव्यासारखी करून दे. काळं चढवावं तर लुमिंगनंच, असं मी सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. मग त्यानं बुडाला लाल ठिपका असलेलं एक मॅगझिन उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "आणि हे बघ. हे ते. बागियोचं."

मी ते हातात घेतलं नाही.

"उद्घाटनाला याच मॅगझिननं थाळ्या पाडणार आहे. सेबूहून कर्नलसाहेब येतायत. ज्यानं मला दगा दिला त्यालाच सगळ्यांसमोर वठणीवर आणायचं आणि मग काचेच्या पेटीत ठेवायचं. खाली पाटी, 'या मॅगझिननं दानाओचं विजेतेपद घालवलं.' लोकांना असल्या गोष्टी फार आवडतात." एवढं बोलून त्यानं परसाकडे मान वळवली. तिथे माझा नवरा माडाखाली जाळं शिवत बसला होता. "तुझा सबिनो कसा आहे? राग नाही ना धरला अजून? झालं गेलं, बाई."

झालं गेलं! ज्याच्या तोंडावर मारलं त्यानं म्हणायचे शब्द, ते मारणाराच म्हणून मोकळा झाला.

"तूही ये उद्घाटनाला," तो जाता जाता म्हणाला. "नुसता हॉल बघायला ये. असा एसी लावलाय की आत बागियोसारखं गार होतं." आणि गेला, माझ्या हो-नाहीची वाट न बघता.

काय झालं होतं ते सांगते, म्हणजे माझा जळफळाट का झाला ते कळेल. माझा सबिनो मॅगझिनं जुळवायचा. दानाओत मॅगझिन बनवणारे घरोघरी सापडतील. पण मॅगझिनचे ओठ म्हणजे वरची ती दोन वाकवलेली टोकं, जी गोळीला धरून ठेवतात आणि नेमक्या वेळी सोडतात, ते जुळवावेत सबिनोनंच. कारखान्यांचे मुकादम आमच्या दारी बाकावर बसून वाट बघायचे. तेमोयनंही आपली मॅगझिनं त्याच्याकडूनच करून घेतली आणि काही वर्षांपूर्वी डिसेंबरात देशाच्या अंतिम स्पर्धेला गेला, पार उत्तरेच्या डोंगरात, बागियोला. शेवटची फेरी भल्या सकाळी होती. पोलादी थाळ्या ओळीनं उभ्या, एकेका गोळीला एकेक पाडायची. पहिली गोळी सुटली. दुसरी वर आलीच नाही. मॅगझिन अडलं आणि विजेतेपद मनिलाच्या कुणा पोरानं नेलं.

तेमोय परत आला तो घरी गेला नाही, सरळ मासळीबाजारात आला. सबिनो सुकी मासळी निवडत उभा होता. "किती घेतलेस मनिलावाल्यांकडून?" तेमोयनं विचारलं आणि तेच मॅगझिन त्याच्या गालावर हाणलं. मॅगझिनचे ओठ गालात रुतले, रक्त सदऱ्यावर आलं. सबिनोनं हात वर केला नाही. तो नुसता म्हणत राहिला, "नोंग, मी तपासलं होतं. मी तपासलं होतं." सगळा बाजार बघत होता आणि एकालाही मधे पडावंसं वाटलं नाही. त्यातले अर्धे आमच्या लग्नात जेवून गेलेले.

त्यानंतर दारातला बाक रिकामा झाला. कुणी म्हणे सबिनो फितला, कुणी म्हणे ताडी पिऊन काम करतो. सबिनो ताडीला शिवतसुद्धा नाही. त्यानं कानस खाली ठेवली ती ठेवलीच. केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस माझ्या भावाची फाटकी जाळी शिवायला लागला, आणि कामाच्या खोलीकडे पाठ करून बसायला लागला. पोट भरायला मी काळं चढवायला शिकले. आज दानाओत माझ्यासारखं काळं कुणाचं चढत नाही हे मी स्वतः सांगते, दुसऱ्यानं सांगायची वाट बघत नाही.

तेव्हा ती मॅगझिनं मी ठेवून घेतली ती बिघडवायच्या इराद्यानं. खोटं कशाला बोलू? पकडीनं ओठ जरासा चिमटला की काम भागलं. पकड हातात घेतलीही. मग डोकं ठिकाणावर आलं. पुन्हा मॅगझिन अडलं तर पुन्हा बोट कुणाकडे जाणार? सबिनोकडेच. तेमोयला पाटीवर लिहायला आणखी एक ओळ मिळाली असती. मी पकड भिंतीवर फेकली आणि दातओठ खात सफाईला बसले.

सफाईचा क्रम ठरलेला असतो. बूड काढायचं, स्प्रिंग ओढून घ्यायची, गोळी वर उचलणारी पट्टी काढायची, सगळं साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकायचं. चिकटपणा गेल्याशिवाय गंजाला हात लावायचा नाही, कारण तेलकट जागेवर काळं धरत नाही, डाग पडतात. लाल ठिपक्याचं बूड काढलं तर आत भिंतींना पिवळा डिंकासारखा थर. मला वाटलं घाण असेल. सगळी मॅगझिनं एकदमच पाण्यात सोडली.

वाफ वर आली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. वाफेला खोबऱ्याचा वास होता. खवट, जुना, आणि त्यात कसल्या तरी मुळांचा कडवट वास. तो वास माझ्या नाकात लहानपणापासून आहे. माझ्या आत्याच्या दारावर बाटली टांगलेली असायची, सिकिहोर बेटावरच्या वैदूनं गुड फ्रायडेला मंत्र म्हणून कढवलेलं खोबरेल, आत मुळं आणि साली. चेटकीण जवळ आली की ते तेल बाटलीत उकळतं म्हणतात. लोक ते सांध्यांना लावतात, बाळाच्या पोटाला लावतात, झुंजीच्या कोंबड्याच्या पायांना लावतात. पण मॅगझिनच्या आत? मॅगझिन आतून कोरडं ठेवायचं हे दानाओतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. सबिनोनं तर ते पुसून, फुंकून, उन्हात धरून दिलं असणार.

तेमोयच्या गळ्यातला तो कातडी ताईत मला आठवला. दर गुड फ्रायडेला हा माणूस सिकिहोरची बोट पकडतो हे गावाला ठाऊक आहे. यानंच घातलं होतं, नेम चुकू नये म्हणून.

पण तेलानं गोळी अडेल कशी? तेल घातलं तर उलट सरकायला हवं. हे कोडं काही सुटेना. दुपारी माझी धाकटी बहीण नेना आली, मला मानांग, म्हणजे ताई, म्हणणारी; तिच्यापुढे मी बडबड केली. नेना चार घरच्या स्वयंपाकाची कामं करून आलेली आहे, त्यातलं एक घर बागियोचं.

"खोबरेल?" ती म्हणाली. "अगं मानांग, तिथे डिसेंबरात सकाळी बाटलीतून खोबरेल बाहेर येतं का? दगड होतो त्याचा. मी फणीच्या शेपटीनं खरवडून केसांना लावायची. ऊन वर आलं की मग पातळ व्हायचं."

दानाओत खोबरेल बारा महिने पाण्यासारखं असतं. ते गोठलेलं आमच्यातल्या कुणी बघितलेलं नाही. तेमोयनंही बघितलं नव्हतं.

मी धुतलेलं मॅगझिन पुन्हा जोडलं, आत स्वयंपाकघरातलं खोबरेल भरपूर ओतलं, आणि भावाच्या मासळीच्या पेटीत बर्फावर ठेवून दिलं. नेना आणि मी पेटीवरच बसून भाताच्या पुड्या खाल्ल्या. मग मॅगझिन काढून पट्टी अंगठ्यानं खाली दाबली आणि सोडली. ती वर येईना. आळशी जावयासारखी मधेच बसून राहिली.

मी ते तसंच सबिनोकडे नेलं आणि जाळ्यावर ठेवलं. "दाबून बघ," म्हटलं.

मॅगझिनला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तरी त्यानं दाबलं. बघितलं. मी तेलाचं सांगितलं, बागियोचं सांगितलं. तो ते मुठीत धरून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या मुठीच्या उबेनं तेल विरघळलं आणि पट्टी आपोआप वर आली, ठक्क. फेरी संपल्यावर तेमोयनं मॅगझिन खिशात टाकलं असणार. खिशातून काढलं तेव्हा आतलं तेल पुन्हा पातळ होऊन गेलेलं. शोधणाऱ्याला काय सापडणार?

सबिनो रडला. मोठ्यानं रडला, जाळ्यात तोंड खुपसून. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते बघून माझ्या अंगात असा संताप चढला की समोर तेमोय असता तर मी त्याला नखांनी ओरबाडलं असतं.

"पण आता सांगून कोण ऐकणार?" डोळे पुसून तो म्हणाला. "होतं नव्हतं ते तू धुऊन टाकलंस."

खरं होतं. माझी सफाई. एक कण ठेवला नव्हता मी.

"तो पुन्हा घालेल," मी म्हटलं.

"जाऊ दे, लुमिंग."

"जाऊ देणार नाही. तू जाळं शीव."

मग मी काम केलं, आणि असं केलं की देवळात ठेवावं. गंज उतरवला, ठेचलेले कोपरे दगडानं सारखे केले, पत्रा आरसा होईस्तोवर घासला, आणि टाकीतून काढलं तेव्हा त्यावर असं गर्द काळं चढलं होतं की बोट लावायला जीव होईना. आतून मात्र एकदम कोरडं. लाल ठिपका पुन्हा दिला.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात गेले आणि सुकी मासळी विकणाऱ्या चोलिंगच्या कानाशी लागले. चोलिंगला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. "कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं, "पण ते बागियोचं मॅगझिन हातात धरलं की अंगावर काटा येतो. निरपराध माणसाचं रक्त चाखलंय त्यानं. गाबा लागलाय त्याला." गाबा म्हणजे वरच्याचा तळतळाट, तो कुणाला चुकत नाही. संध्याकाळी तीच गोष्ट मला माझ्या शेजारणीनं सांगितली, वर त्यात मॅगझिनमधून कण्हण्याचा आवाज येतो एवढी भर घालून.

फिएस्ताच्या आदल्या दिवशी डबा घेऊन मी तेमोयच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, त्याची माणसं होती, कारखान्याचे दोन मुकादमही होते. मला हवेच होते.

"सगळ्यांसमोर मारून बघा, नोंग," मी म्हटलं. "मागाहून आमच्या घराचं नाव नको."

मागच्या आवारात त्यानं मारलं, त्याच्या माणसांनी मारलं, एका मुकादमानंही हात साफ करून घेतला. मॅगझिन भरलं की रिकामं होईपर्यंत थांबायचं नाव नाही.

"कसं आहे?" मी विचारलं.

"बिनचूक."

"जरा मोठ्यानं म्हणा, मुकादमांना ऐकू जाऊ दे."

"बिनचूक आहे, बाई, बिनचूक," तो हसत म्हणाला.

"मग आतून असंच कोरडं राहू द्या. तेलाचा थेंब घालू नका. हे मी सगळ्यांसमोर सांगून ठेवते."

"आता तू मला शिकवणार?" सगळे हसले. पण हसताना त्याचा हात ताइताकडे गेला. मला पोचवायला तो दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाजारात काय काय बोलतायत ते ऐकलंस?"

"लोकांचं काय मनावर घेता," मी म्हटलं. "तरी आपलं जपलेलं बरं. आणि हो, काळं ताजं आहे, उन्हात धरू नका. सकाळपासून त्या काचेच्या पेटीतच ठेवा, एसीखाली. ऐन वेळी काढा."

तेवढं मात्र त्यानं ऐकलं.

फिएस्ताच्या दिवशी मी सबिनोला पांढरा सदरा घालायला लावला. तो येत नव्हता. मी म्हटलं, नाही आलास तर तुझी जाळी टाकीत टाकते. तो हॉलच्या पार मागे, पंगतीची भाताची टोपली ठेवली होती तिथे जाऊन उभा राहिला. हॉल खरंच गार होता. बायकांनी खांद्यांवर रुमाल ओढून घेतले होते. समोर काच, काचेपलीकडे थाळ्यांची ओळ, आणि एसीच्या बरोबर खाली निळ्या मखमलीवर माझं काम चकाकत होतं. तेमोयची बायको देल्फा पाहुण्यांना खाऱ्या शेंगा वाटत फिरत होती. बिचारी साधी बाई, तिच्याशी माझं भांडण नव्हतं.

पाद्रीबाबांचं पाणी शिंपडून झालं. कर्नलसाहेब दोन शब्द बोलले. मग तेमोयनं माइक घेतला आणि बागियोची कथा सांगितली, गावानं शंभरदा ऐकलेली. 'घरचाच माणूस फितला' म्हणताना त्यानं सबिनोकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं. सबिनो भाताच्या टोपलीकडे बघत होता. मी मनात म्हटलं, बोल बाबा, आणखी बोल, जेवढं उंच चढशील तेवढं बरं.

त्यानं पेटीतून मॅगझिन काढलं, गोळ्या भरल्या, काचेतली खिडकी उघडून पवित्रा घेतला. पहिली गोळी सुटली. थाळी हलली नाही, तो म्हणाला नुसता अंदाज घेतला. दुसऱ्यांदा घोडा दाबला तर नुसता खट्ट आवाज. त्यानं पिस्तूल झटकलं, वरचा भाग मागे ओढला, पुन्हा दाबला. पुन्हा खट्ट. गोळी खालीच बसलेली, वर येईना.

तेमोयच्या मानेवर लाली चढत गेली. मग तो वळला, आणि मला वाटलं होतं तस्संच, बोट माझ्याकडे.

"बघितलंत?" तो कर्नलना म्हणाला. "याच घरातून. तेव्हा नवरा, आता बायको. यांच्या रक्तातच दगा आहे." आणि मॅगझिन काढून खिशात टाकायला निघाला.

खिशात गेलं की संपलं, हे मला माहीत होतं. मी त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं. "खिशात नाही," मी म्हटलं. "काल तुमच्याच आवारात तुम्हीच बिनचूक म्हणालात, हे मुकादम साक्षीला आहेत. आता कर्नलसाहेबांच्या हातात द्या. त्यांनाच बूड उघडू दे."

"सोड, वेडी झालीस का?"

"द्या इकडे," कर्नल म्हणाले. त्यांनी हात पुढे केला तो तसाच धरून ठेवला. तेमोयला द्यावं लागलं.

कर्नलनी बूड सरकवलं. स्प्रिंग उडून बाहेर यायला हवी होती. ती आलीच नाही. त्यांनी ओढून काढली तर वेटोळ्यांमध्ये पांढरं, घट्ट, चरबीसारखं काहीतरी भरलेलं, आणि त्यात मुळाचा एक तुकडा. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला. त्यांना कळेना. आजूबाजूच्या बायकांना मात्र कळलं, कारण वास पसरला होता. देल्फा शेंगांचं ताट घेऊन पुढे आली, वाकून बघितलं.

"हे तर आमच्या दारावरच्या बाटलीतलं," ती म्हणाली. "पण हे असं तुपासारखं का झालंय?"

"देल्फा, गप्प बस," तेमोय म्हणाला.

"इथल्या गारव्यानं झालंय, नांग देल्फा," मी म्हटलं. "खोबरेल गारठलं की गोठतं. नोंगनी काल रात्री घातलं का हे?"

"रात्री कुठे, आज पहाटे घातलं. गाबा लागलाय म्हणून दुप्पट घातलं."

"आणि बागियोला जाताना?"

"तेव्हाही. मीच बाटली भरून दिली होती." ती कर्नलकडे बघून हसली. "यांचा फार विश्वास आहे त्या तेलावर."

तिला कळायला थोडा वेळ लागला. बाकीच्यांना लागला नाही. कर्नलनी बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "मी तेव्हा बागियोला होतो. सकाळी आम्ही हातमोजे घालून उभे होतो." एवढंच म्हणाले. मुकादम एकमेकांकडे बघत होते. चोलिंगनं तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. आणि मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खा हॉल हसायला लागला.

मला बोलायचं होतं. रात्र रात्र मनात घोळवलेलं पुष्कळ होतं माझ्याकडे, त्याच्या बापापासून सुरुवात होती. पण सबिनो पुढे आला. लोक बाजूला झाले. त्याच्या गालावरचा व्रण त्या गार हवेत जांभळा दिसत होता. मला वाटलं, मारतो आता. मार, मी मनात म्हटलं, मार, मी तुला सोडवून आणीन.

त्यानं कर्नलच्या हातातून मॅगझिन घेतलं. पांढऱ्या सदऱ्याचं टोक आत घालून भिंती पुसल्या, स्प्रिंग वेटोळ्यागणिक पुसली, पट्टी पुसली, मुळाचा तुकडा टेबलावर ठेवला. आत फुंकर मारली. इतक्या वर्षांनी त्या बोटांना एकदाही चाचपावं लागलं नाही. बूड बसवलं, गोळ्या भरल्या, आणि मॅगझिन तेमोयपुढे धरलं.

"आता मारा, नोंग," तो म्हणाला.

"हे बघ सबिनो, बाहेर बोलू आपण," तेमोय पुटपुटला. "जे काही असेल ते देतो. माणसं आहेत इथे."

"म्हणूनच. मारा."

तेमोयनं कर्नलकडे बघितलं. कर्नलनी कानांवरचं संरक्षण नीट केलं आणि खिडकीकडे हात दाखवला. सुटका नव्हती. त्यानं मॅगझिन चढवलं आणि पवित्रा घेतला. पिस्तुलाचं टोक एका जागी ठरत नव्हतं.

त्यानं मारलं. पुन्हा मारलं. एकामागून एक गोळी वर येत गेली, पट्टी कुठे अडली नाही, स्प्रिंग कुठे थांबली नाही, टरफलं खळखळ जमिनीवर पडत राहिली. शेवटची गोळी सुटली आणि पिस्तूल उघडं राहिलं. धूर विरला. मागच्या मातीच्या बांधातून बारीक माती अजून घरंगळत होती. सगळ्याच्या सगळ्या थाळ्या उभ्या होत्या.

कुणी हसलं नाही आता. देल्फानं शेंगांचं ताट खाली ठेवलं. मला दया आली का म्हणून माझ्या बहिणीनं नंतर विचारलं. नाही आली. सूड घेऊन मन भरत नाही म्हणणारे असतील, माझं काठोकाठ भरलं, अजून भरलेलं आहे.

सबिनोनं तेमोयच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन खाली ओढलं, अंगठ्यानं पट्टी एकदा दाबून बघितली आणि ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"मॅगझिन ठीक आहे, नोंग," तो म्हणाला.